पोस्टरमागे आलेला स्टॉप

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली आणि कामं बदलत बदलत कामशेतजवळ बेडशाला पोचलो. लेण्यांच्या रस्त्याला आमच्या मालकांचं छोटं कॅफे आहे. त्यांनी मला मागची खोली दिली, ब्लँकेट दिलं आणि पहिल्याच दिवशी जेवलास का म्हणून विचारलं. इतकं चांगलं मिळालं की मला धास्तीच बसते. हे जाईल म्हणून मी झोपण्याआधी गॅसचं बटण पुन्हा पुन्हा बघायचो.

मग मालकांनी कुठूनसं एक जुनं पोस्टर आणलं. आजोबांच्या काळातली प्रवासाची जाहिरात. गोल नाकाची लाल बस, रिबिनीसारखा वर गेलेला घाट, तीनच रंगांत उरकलेले डोंगर, संत्र्याच्या सालीसारखं आकाश. माणसांना तोंडं नाहीत, नुसते ठिपके. वर जाड तिरक्या अक्षरांत, 'चला, गाडी तयार आहे.'

"किती कमी रेषांत केलंय बघ," मालक म्हणाले. "ही कला आहे. हिला कुणी टेकायचं नाही."

काचेच्या फ्रेममध्ये घालून आम्ही ते बाहेरच्या भिंतीवर, बाकाच्या वर टांगलं. दुसऱ्या दिवशी बाकावर गावातले एक आबा आणि एक मावशी पिशव्या घेऊन बसलेले.

"आबा, स्टॉप पुढं आहे, वळणावर."

"तितं काय हाय? नुसता खांब. हितं गाडी काढलीय."

"ते चित्र आहे."

"मग? खांबाला तर चित्रबी न्हाई."

तेवढ्यात खरी गाडी आली. आबांनी हात केला, गाडी थांबली, दोघं बसून कामशेतला गेले.

आठवड्यात वळणावरचा स्टॉप ओस पडला. आमच्या बाकावर पोस्टरची चर्चा चालायची. "ह्यो डोंगर आपला न्हाई. लोहगड आसता तर त्येचा शेपटागत इंचूकाटा नसता काढला?" आबा म्हणायचे. मावशींची हरकत वेगळी होती. "ड्रायव्हरला तोंड न्हाई. असल्या गाडीत मी न्हाई बसायची." असं म्हणून त्या खऱ्या गाडीची वाट बघत तिथंच बसायच्या.

शनिवारी मालक आले तेव्हा बाकावर उभी राहून कुणाची तरी शेळी काच चाटत होती. मालक आवाज न चढवता म्हणाले, "आत नेऊन ठेव. सोमवारी इथं रांग दिसली तर त्याच गाडीत तूही बस."

पोस्टर मी माझ्या खोलीत नेलं. सोमवारी सकाळी दार उघडलं, तर रांग माझ्या दारात.

"स्टॉप मागं नेलास, सांगायचं तरी," आबा म्हणाले. "मावशीनं बगितलं म्हनून बरं."

थोड्या वेळानं शिट्टीवर शिट्टी वाजवत कंडक्टर गाडी रिव्हर्समध्ये आमच्या बोळात घेऊन आला. मी बॅग भरली आणि रांगेच्या शेवटी उभा राहिलो. सांगितलेलं ऐकायचं, एवढंच मला नीट येतं. तेवढ्यात मालक पोचले.

"ह्याला कशाला घालवताय?" आबांनी त्यांना विचारलं. "ह्यो गेल्यावर स्टॉप कोन सांभाळनार?"

"आधी स्टॉपचं काय ते ठरवा," कंडक्टर म्हणाला. "रोज रिव्हर्स जमणार नाही."

मालक माझ्या खोलीत जाऊन पोस्टर घेऊन आले. मग मला म्हणाले, "धर एका बाजूनं."

खांद्याला बॅग अडकवून मी एक बाजू धरली, दुसरी त्यांनी. आम्ही वळणाकडे निघालो. मागं रांग, रांगेच्या मागं सावकाश रिकामी गाडी. स्टॉप जागेवर पोचल्याशिवाय कुणी चढायला तयार नव्हतं. मालकांनी स्वतः तारेनं पोस्टर खांबाला बांधलं, तेव्हा माणसं गाडीत बसली. मीही पायरीवर पाय ठेवला.

मालकांनी बॅगेचा पट्टा धरला. "कुठं निघालास? संध्याकाळी हे आत कोण आणणार? दवात कागद फुगेल."

तेव्हापासून रोज सकाळी मी स्टॉप वळणावर नेऊन बांधतो आणि शेवटची गाडी गेली की परत आणतो. मधल्या वेळात चहा. आईला फोनवर हे सांगितलं.

"काम परमनंट हाय का?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, मालकांना अजून विचारलेलं नाही. कशाला उगाच त्यांच्या डोक्यात घालायचं.