मुक्या पिक्चरातले बाबा

बाजारात पिकल्या टेंभराचा, म्हंजे तेंदूच्या फळाचा, वास आला का मले माह्या पोराचा पह्यला शब्द आठवते. पोरगा तीन वर्साचा झाला, पन बोलेच ना. सासू म्हने, "मुका हाये." माहा तं जीवच उडून गेला होता. आमच्या गावी, मुलचेऱ्याले, शेजारच्या घरी आपल्या भाचीकडं एक पंच्याऐंशी वर्साचे बाबा राहाले आले होते. मुक्या पिक्चरात हिरो होते म्हने, घोडे उडवत, मंग बोलत्या पिक्चरातबी चालले. पोराले कडेवर घेऊन मी त्याइच्याकडं पळाली, एका दमात सारं सांगतलं. बाबा हासले. "बोलते पिक्चर आले तवा कंपनीचा मालक म्हने, याचं काम संपलं, याले बोलता येत नाई. अवं, धा वर्सं मले कोनी बोल म्हटलंच नव्हतं! बोल म्हटलं, तं बोललो." मंग म्हने, "बाई, पोराच्या वाट्याचं सारं तूच बोलून राह्यली. घडीभर गप्प राह्य." त्याइनं एक पिवळं टेंभर पोरापुढं धरलं, भुवया वर केल्या अन् नुसते पाह्यत राह्यले. पोरानं हात पुढं केला तं बाबाइनं टेंभर मागं घेतलं. पोरगा माह्याकडं पाहून रडकुंडीले आला. मी पदर तोंडात कोंबला. तवा तो पाय आपटून वरडला, "दे!" बाबाइनं देल्लं. मी पोराले पोटाशी धरलं. आता पोरगा दिवसभर बडबडते, तरीबी त्यानं तोंडानं मागाच्या आंधी मी त्याच्या हातात काई देत नाई.