मालनबाईंची पुडी

कोल्हारच्या मालनबाई दुसऱ्याच्या घरचा चहा आधी हुंगतात, मग पितात. गॅसचं सिलिंडर आलं की आणणाऱ्याच्या समोरच काट्यावर चढवतात. दुधाच्या पातेल्याचं झाकण त्या दोऱ्यानं बांधतात, आणि त्यांची गाठ सून रेश्मालाही सुटत नाही. शेवंती या मांजरीवर मात्र त्यांनी कधी संशय घेतला नाही. ती कांदे साठवायच्या चाळीत उंदीर शिरू देत नाही, एवढ्यावर तिला सगळं माफ. रात्री ती त्यांच्या पायथ्याशी गोधडीवर झोपायची. दिवसा कुठं असते, याची चौकशी सहा वर्षांत त्यांनी केली नव्हती.

दिवाळीनंतर शेवंती मलूल झाली. भाकरीला तोंड लावेना. शिवाय शेजारच्या बनुबाईंच्या नि आपल्या घरांमधली सामाईक भिंत चाटायला लागली.

मालनबाईंना एवढं पुरलं. गणपती गेल्यावर शेवंतीनं बनुबाईंचे वाळत घातलेले बोंबील पळवले होते, तेव्हा बनुबाई भर गल्लीत ओरडल्या होत्या, "मालने, तुझ्या मांजरीचा एक दिस मुडदा पाडते का न्हाई बघ!" मालनबाईंनी ते वाक्य जपून ठेवलं होतं.

मग एका सकाळी गोधडीवर काळे कण दिसले, चहाच्या भुकटीसारखे. त्यांनी हुंगून पाहिलं.

"वास न्हाई. म्हंजे इखच."

"आत्या, धूळ असंल," रेश्मा म्हणाली.

"धूळ अशी काळीकुट्ट असती व्हय? भिंतीला पन बनूनं कायतरी लावलं आसंल."

कॅलेंडरच्या कागदात पुडी बांधून मालनबाई गल्लीभर फिरल्या. फक्त एका दारात गेल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी शेवंती उठेना. रेश्मानं तिला भाजीच्या पिशवीत घातलं, सासूला स्कूटीवर मागं बसवलं आणि जनावरांचा दवाखाना गाठला. तिथल्या अपूर्वा मॅडमनी शेवंतीचा ओठ वर केला. हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या.

मालनबाईंनी पुडी पुढं केली. "मॅडम, हे इख तपासा. कुनी घातलं ते मी सांगते."

मॅडम हसल्या नाहीत. ओल्या कापसावर चार कण ठेवून त्यांनी बोटानं दाबले. प्रत्येक कणाभोवती तांबूस डाग पसरत गेला.

"आजी, हे शेवंतीचंच रक्त आहे. पिसवांनी प्यायलेलं. ही त्यांची घाण." त्यांनी शेपटीजवळचे केस फाकले, तर पिसवा सैरावैरा पळाल्या. काचेवर रक्ताचा थेंब घेऊन मॅडम आत तपासून आल्या. "रक्तात जंतूही आहेत. बाहेर हिंडणाऱ्या मांजरांना पिसवांमुळे होतं असं. रक्त कमी पडलं की मांजर माती चाटतं, भिंत चाटतं."

"वाचंल का?" इतका वेळ तावातावानं बोलणाऱ्या मालनबाईंचा आवाज अगदी खाली आला.

"वाचेल, पण सांगते ते सगळं करायचं. रोज सकाळी एक गोळी, तीन आठवडे. वर थोडं पाणी पाजा. आधी आणि नंतर दोन-दोन तास दूध नको, गोळी वाया जाते. पिसवांचं औषध मी मानेवर लावते. गोठ्यातली गोचिडाची पावडर चुकूनसुद्धा लावू नका, मांजर मरतं त्यानं. आणि ही जिथं जिथं झोपते, तिथली अंथरुणं एकाच दिवशी उकळत्या पाण्यात धुवा. एक जागा राहिली तर पुन्हा हेच. दिवसा कुठं झोपते?"

"बघून सांगते," मालनबाई म्हणाल्या.

दोन दिवसांनी शेवंतीच्या अंगात जरा जीव आला आणि ती लटपटत निघाली. मालनबाई मागं. शेवंती त्याच सामाईक भिंतीच्या भगदाडातून पलीकडं गेली, ती थेट बनुबाईंच्या पडवीतल्या गोधडीवर. शेजारी दुधाची वाटी. 'म्हंजे ह्याच वाटीतनं!' मालनबाईंनी डोळा भगदाडाला लावला.

"आली का माझी राणी? कुठं हुतीस ग चार दिस?" बनुबाईंनी वाटीत बोट बुडवलं, दूध गरम नाही ना म्हणून चाटून पाहिलं, आणि भाकरी कुस्करली.

मालनबाई वळसा घालून दारात गेल्या. "बनू, दूध देऊ नको तिला, गोळी वाया जाती."

"आलीस का शेवटी? पुडी घिऊन गल्लीभर नाचलीस, माझं दार तेवढं दिसलं न्हाई."

"तू मुडदा पाडनार हुतीस न्हवं?"

"बोलले रागानं. मग कळलं, पोटभर दूध दिलं का चोरी करत न्हाई. तवापासनं घालते."

मालनबाई वाद घालत बसल्या नाहीत. पदराचं टोक रांजणात बुडवलं, कमरेला खोचलेली पुडी सोडली आणि त्यातला एक कण त्यावर चिरडला. तांबडं. "इख न्हाई, पिसवांनी प्यालेलं तिचं रगत हाय." बनुबाईंनी आपल्या गोधडीवरचा एक कण उचलून त्याच पदरावर ठेवला. तांबडंच.

"आता काय करायचं?" बनुबाईंनी विचारलं.

"चूल पेटव. माज्या दोन गोधड्या आनते."

त्या दिवशी दोन्ही घरच्या गोधड्या एकाच पातेल्यात उकळल्या आणि एकाच दोरीवर वाळल्या. तीन आठवड्यांनी शेवंतीच्या कानांत गुलाबी झाक आली. गोळ्या चालू होत्या तोवर बनुबाई सकाळची वाटी पालथी घालून ठेवत. मालनबाई रोज भगदाडापाशी यायच्या, हात घालून वाटी सुलटी करायच्या, आतून बोट फिरवायच्या, बोट हुंगायच्या.

"चाट की," बनुबाई चुलीपासून म्हणायच्या, "नुसतं हुंगून तुझं समाधान व्हतंय व्हय?"