पाठकोरे कागद

कापसाचे भाव पडले, कळंबजवळची सरकी काढायची जिनिंग मिल बंद झाली आणि मामा घरी बसला. तो तिथे वजनकाट्यावर होता. मी तेव्हा अकरावीसाठी त्याच्याकडे राहायला होते. घर कसं चालवायचं हे कुणालाच सुचत नव्हतं, ते मामीनं चालवून दाखवलं. तिच्याबद्दल पुढे जे सांगणार आहे त्याच्या आधी हे सांगणं भाग आहे.

यवतमाळातल्या एका बंद होणाऱ्या दुकानातून तिनं जुना कॉम्प्युटर आणि रंगीत प्रिंटर आणला. लग्नात रुखवत मांडतात, त्यातल्या कागदी वस्तू घरी करून द्यायचं तिनं ठरवलं. कमळं, कलश, पालखी, नवरानवरीच्या नावाच्या पाट्या. नक्षी छापायची, कापायची आणि चिकटवून द्यायची. त्या वर्षांत लोकांनी मांडव लहान केले होते, पंगतीतली एक भाजी कमी केली होती, पण रुखवत कुणाला सोडवत नव्हतं.

छापण्याकापण्याचं सगळं काम मावशीकडे होतं. मावशी म्हणजे माझ्या आईची आणि मामाची धाकटी बहीण. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं सोडचिठ्ठी देऊन तिला माहेरी पाठवलं होतं. ती भावाच्या घरात राहते, हे मामी तिला एक दिवससुद्धा विसरू देत नसे.

शाई महाग, जाड कागद त्याहून महाग, म्हणून मामीनं नियम घालून दिले होते. मोठ्या कमळाच्या पाकळ्यांमध्ये जी जागा सुटते तिथे लहान पानं आणि फुलपाखरं बसवायची. कडेच्या पट्ट्यांची झालर करायची. आधी फिकट काळ्या शाईत पाठकोऱ्या कागदावर छापायचं, तो चांगल्या कागदावर ठेवून दोन्ही खिडकीच्या काचेला लावून माप बघायचं आणि मगच रंगीत काढायचं. एका बाजूनं बिघडलेला कागद गठ्ठ्यात ठेवायचा, त्याची दुसरी बाजू चाचणीला येते. यानं खरंच फरक पडला. आमच्याकडे कचरा म्हणून जवळजवळ काही निघत नसे. तरी मामी रोज टोपली उचकायची. बोटभर रुंद तुकडा सापडला तरी तो मावशीच्या ताटाशेजारी आणून ठेवायची, आणि त्या जेवणात तिला भाजी वाढायची नाही.

एकदा प्रिंटरमध्ये अडकून जाड कागद फाटले. मामी शांतपणे म्हणाली, "कागद एका अंगानं बिघडला तं दुसऱ्या अंगानं कामी येते. बाईचं तसं नाही." मामा तिथेच तूर निवडत बसला होता. त्यानं पुढची मूठ ताटात घेतली.

लग्नसराईच्या तोंडावर राळेगावकडची एक बाई मुलीच्या रुखवताचं काम घेऊन आली. ती पाट्यांवरची नावं सांगत होती, मावशी टाइप करत होती. आधी मुलीचं नाव झालं. मग मुलाचं नाव, आडनाव, गाव. मावशीची बोटं थांबली. तो तिचाच नवरा होता. त्याची पहिली बायको हीच, हे त्या बाईला माहीत नव्हतं. मामीच्या मात्र लगेच ध्यानात आलं. "पुढं लिही," ती म्हणाली.

बाई गेल्यावर मावशीनं हे काम दुसऱ्या कुणाला द्या म्हणून विनवलं. मामी म्हणाली, "कायले? लगीन त्याचं होऊन राह्यलं, तुह्यं नाही. तुले काय दुखून राह्यलं?"

मावशीनं काम केलं. नावाच्या पाट्या तेवढ्या बिघडत गेल्या. कधी अक्षर सुटायचं, कधी कातर वाकडी जायची. त्या गठ्ठ्यात न टाकता जाळू द्या, एवढंच तिनं मागितलं. जाळायला घरात कापसाच्या पऱ्हाट्या आहेत, कागद कशाला, असं म्हणून मामीनं त्या उचलून गठ्ठ्याच्या अगदी वर ठेवल्या.

रुखवत न्यायला ती बाई आली तेव्हा हरखून गेली. पालखीवरून हात फिरवत तिनं मावशीला कौतुकानं विचारलं, "बाई, सासर कोणतं तुमचं?"

मामी मध्ये बोलायच्या आत मावशीनं गाव सांगितलं. मग घर कोणाचं, तेही आडनावासकट सांगितलं. आवाज नेहमीसारखाच होता. तिनं ते मुद्दाम सांगितलं, की विचारलं म्हणून सांगितलं, हे मला आजही ठरवता येत नाही.

त्या बाईनं पालखीवरचा हात काढून घेतला आणि पदराला पुसला. "टाकलेल्या बाईच्या हातचं माह्या पोरीले नको," म्हणाली आणि सगळं तिथेच ठेवून निघून गेली.

मामी आता मावशीला मारेल असं मला वाटलं. तिनं हातसुद्धा उगारला नाही. खाली बसून तिनं एकेका वस्तूवरची नावाची पाटी सुरीनं अलगद सोडवली. कमळं, कलश, पालखी पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या लग्नात गेली. पाट्या गठ्ठ्यात गेल्या. "पाठकोऱ्या हायेत," ती म्हणाली, "सीझनभर पुरतीन."

आणि त्या पुरल्या. उन्हाळाभर मावशी दुसऱ्यांच्या लग्नाची नक्षी त्या कागदांच्या पाठीवर छापून काचेवर धरत होती. उजेडात पलीकडची नावं उलटी होऊन वर यायची, त्याचं आणि त्या मुलीचं. ती त्यांच्यावरूनच माप जुळवायची. पुढे पुढे तिचं माप पहिल्याच वेळी जुळायला लागलं. ते बघणं मला जास्त कठीण गेलं.

पावसाळा लागला तशी ती मुकुटबनला गेली. तिथल्या एका वसतिगृहात स्वयंपाकीण हवी होती. मामा तिची पिशवी घेऊन स्टँडपर्यंत गेला, परत आला आणि जेवायला बसला. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजहून आल्यावर मामीनं प्रिंटरसमोरच्या स्टुलाकडे बोट दाखवलं आणि मी बसले.

नोकरी लागल्यावर मी एकदा मुकुटबनला जाऊन मावशीला भेटले. अंगानं भरली होती. मुलींवर ओरडत होती, त्या हसत होत्या. तिनं मला पोटभर जेवू घातलं, मामाच्या गुडघ्यांची चौकशी केली. मामीचा विषय निघाला नाही. बस आली तेव्हा मात्र माझा दंड धरून म्हणाली, "मी बरी हावो म्हणून वहिनीले सांगू नको. तिले तेवढी तरी टोचणी राहू दे."

मी सांगितलं नाही. मामीनं कधी विचारलंही नाही.