अर्ध्या दिवसाची रजा

आमच्या शाळेतल्या शिपाईमामांनी एकतीस वर्षांत शेवटची घंटा एकदाही चुकवली नव्हती. तेवढ्या काळात मुख्याध्यापक चार झाले, भिंतीवरची घड्याळं सहा. त्यामुळे मामांचा रजेचा अर्ज आला तेव्हा हेडसरांनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. 'नात पाहण्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा मिळावी.'

नात वीस दिवसांची होती आणि नऊशे किलोमीटरवर होती.

"अर्ध्या दिवसात कसं जमणार, मामा?" मी विचारलं.

"विमान सव्वा तासात पोचतं, बाई. मुलगीच म्हणाली. सातला निघायचं, सव्वाआठला तिकडे. तासभर नात. दुपारी जेवायला मी इथे. पाचची घंटा माझीच."

"परतीचं तिकीट?"

"चढताना काढीन की!"

हिशेब बिनचूक होता. मी जन्मभर गणित शिकवलं, त्यामुळे मलाही चूक सापडली नाही.

विमान खरंच सव्वा तास उडालं. विमानवाले खोटं बोलत नाहीत, ते फक्त आकाशापुरतं बोलतात. जमिनीवरचा वेळ प्रवाशाने घरून आणायचा असतो. सोमवारी मामा पहाटे साडेतीनला उठले, पाचला रांगेत उभे राहिले. तपासणीत त्यांच्या पिशवीतून घंटेची हातोडी निघाली. दुसऱ्याच्या हाती ती देणं मामांच्या जिवावर यायचं.

"हे काय?"

"शाळा सोडायची हातोडी."

देशाच्या सुरक्षेसाठी हातोडी जप्त झाली. मग धुकं म्हणून विमान अडीच तास जमिनीवरच बसलं. पलीकडचा विमानतळ शहराचा म्हणायचा, पण शहर तिथून पंचेचाळीस किलोमीटर. मुलीच्या दारात मामा पोचले तेव्हा साडेबारा वाजले होते.

"परतीचं विमान किती वाजता गं?"

"गुरुवारी. तिकीट काढून ठेवलंय."

"गुरुवारी? तू तर सव्वा तास म्हणालीस!"

"तसं म्हटलं नसतं, तर आला असतात का, बाबा?" असं म्हणून तिने नात त्यांच्या हातात ठेवली. हात अडकल्यावर माणूस भांडणार कसा?

पाचला पाच कमी असताना माझा फोन वाजला.

"बाई, घंटेपाशी जा. फोन सुरूच ठेवा."

घंटेपाशी गेले, पण मारायचं कशाने? मुलं दप्तरं पाठीला लावून दारात खोळंबली होती. शेवटी वर्गातला लाकडी डस्टर आणला आणि जमतील तसे टोल दिले. सगळी शाळा हसत घरी गेली.  मग फोनवरून एकदम बारीक, तारस्वरातलं रडणं ऐकू आलं.

"उठली," मामा म्हणाले. "डस्टरनं वाजवलंत ना? आणि दोन मिनिटं उशिरा."

"चुकलं, मामा."

पलीकडे नातीला थोपटल्याचा आवाज येत राहिला.

"बाई, त्या अर्जातला अर्धा दिवस खोडता येईल का? चार लिहा."