गुलाबी सुताचा गोळा

माझं आणि माझ्या सासऱ्यांचं कधीच जमलं नाही. ते भिवंडीतल्या नारपोलीचे जमीनवाले, लूमवाले, यंत्रमागांचे मालक. माझं गॅरेज त्यांच्या शेडला लागून असलेल्या, त्यांच्याच मालकीच्या गाळ्यात. दिवसभर कानाशी लूमचा खडखडाट आणि मधूनमधून त्यांचे टोमणे. दर शुक्रवारी लूम बंद असले की ते मला हात पुसायला वेस्टची, म्हणजे लूमवरच्या टाकाऊ सुताची, एक गोण पाठवायचे. मग आठवडाभर त्या गोणीची आठवण करून द्यायचे.

दोन हजार सहा-सात साल असेल. गुडघ्यांसाठी ते दर आठवड्याला अकलोलीच्या गरम कुंडांवर जायचे. गाडी जुनी, पण इंजेक्शनवाली, म्हणजे पंपाच्या दाबाने पेट्रोल इंजिनात फवारणारी. चार महिन्यांपूर्वी तिचा पेट्रोल पंप मीच बदलला होता. त्या दिवशी गाडी चढावर धापा टाकत बंद पडली आणि ते रिक्षाने परत आले. मग कामगारांसमोर मला म्हणाले, "जावईबापू, मला हितं चार लूम टाकायचे हायेत. गाडी अकलोलीला न थांबता जाऊन आली तर गाळा तुमचा. न्हाय तर खाली करा."

गाळा गेला असता तर माझ्या हातात पान्यांच्या पेटीशिवाय काही उरलं नसतं. हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणूनच ते बोलले. मला त्या क्षणी त्यांचं तोंडही पाहायची इच्छा नव्हती.

गाडी ओढून आणल्यावर मी पेट्रोलच्या लाइनला दाब दाखवणारा प्रेशर गेज जोडला, लांब पाइपने बॉनेटबाहेर काढला आणि समोरच्या काचेवर टेपने चिकटवला. उभ्या गाडीत काटा ठीक होता. मामा (सासऱ्यांना मी मामाच म्हणतो) हट्टाने शेजारी बसले. रस्ता मोकळा मिळाल्यावर ॲक्सिलरेटर दाबला आणि काटा हळूहळू खाली सरकू लागला. "पडला," ते म्हणाले. जणू मला दिसतच नव्हतं.

बाजूला थांबून मी टाकीकडे परत जाणारा पाइप पकडीने दाबला आणि इंजिन रेस केलं. दाब राखणारा रेग्युलेटर बिघडून पेट्रोल टाकीत सोडून देत असता तर काटा उसळला असता. तो जागचा हलला नाही. गाळ्यावर येऊन नवा फिल्टर घातला, तरी तेच. म्हणजे खोट टाकीच्या आत होती. पंपच डुप्लिकेट निघाला असावा, असं मी मनात घोकत होतो. तसं असतं तर शिव्या दुकानदाराला गेल्या असत्या.

मागची सीट काढून तिच्याखालच्या टाकीतून पंप वर ओढला. पंपाच्या तळाच्या जाळीला सुताचा गोळा घट्ट चिकटला होता. गुलाबी सूत.

मला लगेच आठवलं. जुना पंप काढल्यावर नवा आणायला मी धामणकर नाक्यावर गेलो होतो. लूमचा भुरा, सुताची बारीक धूळ, उडून आत जाऊ नये म्हणून टाकीच्या तोंडात वेस्टचा बोळा कोंबला होता. भिवंडीत आम्ही सगळे हेच करतो, कापड कोण शोधतो? बोळा काढताना अर्धा आतच राहिला असणार.

मामांनी ते सूत चिमटीत धरलं. पंप बदलला त्या हंगामात त्यांच्या लूमवर गुलाबी ओढण्या निघत होत्या.

"तुमचंच वेस्ट आहे, मामा," मी फणकाऱ्याने म्हणालो.

"वेस्ट माझाच हाय," ते शांतपणे म्हणाले. "हात कुनाचा हाय?"

शेडमधून दोघे कामगार बघत होते. "माझा," मी म्हणालो.

जाळी बदलली, टाकी धुतली. गाडी अकलोलीला जाऊन आली, काटा एकदाही ढळला नाही. परतीच्या वाटेवर ते फक्त एवढंच बोलले, "गाळा तुमचा. बोललो म्हंजे बोललो."

काढून घेतला असता तर बरं झालं असतं. निदान जन्मभर त्यांचा राग तरी सुखाने करता आला असता.

वेस्टची गोण दर शुक्रवारी येत राहिली. गाडी मात्र माझ्याकडे परत आली नाही. पुढच्याच महिन्यात ती मला धामणकर नाक्यावर दिसली, दुसऱ्याच्या गॅरेजसमोर, बॉनेट उघडून. मामा शेजारी स्टुलावर बसले होते. त्यांनी मला पाहिलं आणि हातही केला.