सोरोनकुल आकेंच्या टणक स्प्रिंगा

आमच्या शेजारच्या सोरोनकुल आकेंनी (थोरल्या माणसाला आम्ही आके म्हणतो) म्हातारपणी मेंढ्या चोरायला सुरुवात केली, अशी बातमी जुलैत गावभर झाली. पुरावाही होता. त्यांच्या जुन्या झिगुली मोटारीची मागची बाजू एका दिवसात चार बोटं वर आली होती. डिकीत मेंढ्या कोंबल्या तरी गाडी खाली बसू नये, नाक्यावरच्या पोलिसाला शंका येऊ नये, म्हणून नव्या स्प्रिंगा! बातमी साफ खोटी. मला पक्कं ठाऊक, कारण ती मीच पसरवली होती.

दुसऱ्याची मेंढी अंगणात शिरली तर तिला पाणी पाजून परत पोचवणारा हा माणूस. तीस वर्षं दूध गोळा करायची गाडी चालवली. बायको गेली, मुलगा रशियात इमारती बांधतो, हिवाळ्यात तेवढा घरी येतो. घरात आके आणि त्यांची सून बुरुल, दोघंच.

खरं कारण बुरुलच्या पोटात होतं. गेल्या वर्षी सातव्या महिन्यात तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं आणि मूल हाती लागलं नाही. डॉक्टरीण म्हणाली, "रस्त्याचा दोष नाही, बाबा. ते वाचणारं नव्हतं." आकेंनी मान हलवली, पण पटलं काही नाही. अठ्ठेचाळीस किलोमीटर पन्हाळी पत्र्यासारखा रस्ता, आणि प्रत्येक खड्ड्यात गाडीचं बूड आपटल्याचा आवाज त्यांच्या कानात बसून राहिला. त्यात मागची एक स्प्रिंग तुटलेली निघाली. झालं! बुरुलला पुन्हा दिवस गेले तेव्हापासून आके रोज गाडीखाली.

आता आमच्याकडे बाळ जन्माला यायच्या आधी त्याचा उच्चारही करत नाहीत. टोपडं शिवायचं नाही, पाळणा बाहेर काढायचा नाही. दृष्ट लागते. मग झापार मिस्त्रीला आके काय सांगणार?

"स्प्रिंगा बदलू, आके. पण गाडीतून न्यायचंय काय?"

"ओझं."

"बटाटे की मेंढ्या?"

आके गडबडले. "मेंढ्या."

"किती?"

"चार."

झापारनं इमानदारीत चार मेंढ्यांना झेपतील अशा सगळ्यात टणक स्प्रिंगा बसवल्या, शॉकॲब्सॉर्बर नवे घातले, जुनं सामान भंगारात दिलं आणि दुसऱ्या दिवशी जनावरं घेऊन वरच्या कुरणांवर निघून गेला. आता थंडी पडल्याशिवाय खाली येणार नव्हता.

आकेंनी मागच्या सीटवर दह्याचं भरलेलं पातेलं ठेवून गाडी पुलापर्यंत नेली. परत आले तेव्हा पातेलं रिकामं, सीट पांढरी आणि आके त्याहून पांढरे. चार मेंढ्यांच्या स्प्रिंगा एका माणसाला दाद देईनात. गाडी बकऱ्यासारखी उडत होती. आणि बुरुलचे तीन आठवडे उरले होते. सासऱ्यांना ती अता, म्हणजे बाबा, म्हणायची. दारात उभी राहून म्हणाली, "अता, मी धुते सीट." आके ओरडले, "वाकू नकोस!"

चौथ्या दिवशी गिरणीतून पिठाची तीन पोती आणताना त्यांच्या लक्षात आलं, गाडी आज शहाण्यासारखी चालतेय. लगेच पातेलं भरून पुन्हा पुलापर्यंत. निम्मंच सांडलं. म्हणजे अजून वजन हवं होतं.

तसे ते माझ्या स्वयंपाकघरात आले.

"कालिपा, तुझं वजन किती?"

एकवीस वर्षांच्या शेजारात असं कुणी विचारलं नव्हतं. माझ्या नवऱ्याच्या हातातली किटली तशीच राहिली.

"का हो आके, मलाही चोरताय का?"

"सांग ना."

"नव्वद. सणाच्या आधी."

"आणि सणानंतर?"

मी तोंड सोडणारच होते, तेवढ्यात त्यांनी मला हातानं थांबवलं. दाराकडे बघून ते अगदी हळू म्हणाले, "बुरुलच्या शेजारी तू बसायचंस. दगड भरले असते, पण दगड तिचा हात धरणार नाही." मी चोरीची बातमी त्याच दिवशी मागे घेतली. तोवर ती तीन गावं पुढे गेली होती, त्याला माझा इलाज नव्हता.

कळा दोन आठवडे आधीच आल्या, सकाळच्या चहाला. डिकीत तीन पोती, मागे बुरुल आणि मी. आके दहाच्या वेगानं चालवत होते. प्रत्येक खड्डा आला की खांदे आक्रसून घेत, जणू तो त्यांच्याच पाठीत बसणार होता. गाडी मात्र होडीसारखी तरंगत होती.

"अता, जरा लवकर चला ना," बुरुल दात आवळून म्हणाली.

"आपटेल, पोरी."

"आपटू दे!"

खिंडीच्या चढावर इंजिननं मान टाकली. एवढं वजन त्याला ओढवेना. आकेंनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मी मुकाट्यानं उतरले. गाडी वर गेली आणि मी मागून दोन वळणं धापा टाकत चालले. पलीकडे उतारावर सगळ्यात वाईट रस्ता होता. माझ्यासाठी थांबावं तर वेळ जाणार, न थांबावं तर गाडी उडणार. वरून हॉर्नचा आवाज आला. एकदा, दोनदा, मग नुसता एकसारखा. मी धावले. लग्नानंतर पहिल्यांदाच धावले.

वर पोचले तर आके दार उघडून उभे, डोळ्यांत पाणी. "बस, बस! मी जायला निघालो होतो. दोनदा निघालो!"

उतारभर बुरुलनं माझा हात असा आवळला की माझी अंगठी आजही वाकडी आहे.

दवाखान्यात तिला आत नेलं आणि दार बंद झालं. आके बाकावर बसले नाहीत. गाडीपाशी जाऊन मागची बाजू हातानं दाबून बघत राहिले, दाबूनही खाली न बसणारी ती बाजू, पुन्हा पुन्हा. असे दोन तास गेले.

मग नर्स धावत बाहेर आली. "सुयुन्चू, आके! सुयुन्चू! मुलगी आहे, दोघी छान आहेत!"

सुयुन्चू म्हणजे बक्षिसी; आनंदाची बातमी आणणाऱ्याला रिकाम्या हातानं कसं पाठवणार? आके एकदम खाली बसले, तोंड झाकून रडले, उठले आणि डिकीतलं एक पोतं त्या बारीकशा नर्सच्या हातात दिलं. दुसरं डॉक्टरणीला. तिसरं फाटकावरच्या पहारेकऱ्याला. त्यानं तर नुसतंच विचारलं होतं, काय झालं म्हणून.

परतताना डिकी रिकामी. पहिल्याच खड्ड्यात माझं डोकं छताला लागलं, दुसऱ्यात कानातला डूल पडला.

"आके, आता तरी या स्प्रिंगा बदला! शहरातून मऊ मागवा!"

आके पहिल्यांदाच मोकळं हसले आणि म्हणाले, "शुक्रवारी दोघींना घरी आणायचंय. तोवर एक घासही कमी खाल्लास तर याद राख."