मिस्त्री आणि सोमवारचा आवाज

सई आणि निहार, "आवाज सांगू नका, ऐकवा," असे म्हणणाऱ्या मिस्त्रींची तुम्ही फोनवर नक्कल करता आणि हसता. मीही हसत आले. त्यांची एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली होती, कारण तसा शब्द दिला होता. गेल्या महिन्यात ते वारले. आता सांगायला हरकत नाही.

आपली ती चारचाकी फटफटी आजोबांनी हौसेने घेतली. कागदोपत्री ती ए.टी.व्ही. आजोबा गेले, माझा गुडघा गेला, आणि टेकडीवरच्या सीताफळांपर्यंत पोचायला तीच एक उरली. दोन वर्षांपूर्वी ती चढावर ओरडू लागली. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज यायचा, इंजिन फिरत राहायचे आणि गाडी जागीच थांबायची. एकदा तर मागे घसरली. शोरूमच्या माणसाने न उघडताच सांगितले, "गिअरबॉक्स गेला, पूर्ण बदला." तुमचा बाबा तिकडून म्हणाला, "आई, गाडी विक. आणि गाडी नसेल तर बाग तरी कशाला?" त्याने मला दिवाळीपर्यंत मुदत दिली.

म्हणून मी पडेगावच्या मिस्त्रींना बोलावले.

मी जन्मभर ग्रंथपाल. आवाज कधी आला, किती वाजता, चढावर की उतारावर, सगळे वहीत तारीखवार लिहिले होते. ती वही मी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती मिटून परत दिली.

"कागदाला आवाज नसतो, म्याडम."

"अहो, पण वाचा तरी!"

"ऐकवा."

मग त्यांनी पिशवीतून हातभर लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक गिअरबॉक्सला टेकवले, लाकडी मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. इतर मिस्त्री तो कानाला लावतात. मला हे निव्वळ नाटक वाटले. गाडी शहाण्या मुलीसारखी गुरगुरत राहिली. मिस्त्रींनी मूठ रुमालाला पुसली. "ठणठणीत हाय. चहा ठेवा."

त्यांचे गॅरेज गुरुवारी बंद, म्हणून ते गुरुवारीच येत. तीन गुरुवार आले आणि तिन्ही वेळा गाडी गप्प. मी दहा वाक्ये बोलायची आणि ते मान हलवून विचारायचे, "साखर कमी टाकली का?" मी स्वयंपाकघरातून बोलले तर उत्तरच नाही. वर मलाच सूचना, "समोर येऊन बोला, म्याडम. तोंडाकडं बघितल्याबिगर मला बोलनं पटत नाय." इतका उद्धटपणा मी वाचनालयातल्या एम.ए.च्या मुलांकडूनही ऐकून घेतला नव्हता.

फोन केला तर नेहमी त्यांची बायको उचलायची. एकच वाक्य. "ते गाडीखाली हायेत." सकाळी गाडीखाली, दुपारी गाडीखाली. मी एकदा चिडून म्हटले, "जेवायला तरी बाहेर येतात का?" त्या म्हणाल्या, "व्हय, ते जेवून परत गेले."

दिवाळी आठवड्यावर आली. त्या सोमवारी गाडी चढावर अशी किंचाळली की मी तशीच वळवली आणि थेट पडेगावला नेली. मिस्त्री पाठमोरे, एका बंद ट्रॅक्टरवर वाकलेले. मी त्यांच्यामागे दोन हातांवर गाडी थांबवली आणि सगळा राग हॉर्नवर काढला. शेजारच्या टपरीवाल्याचा चहा सांडला, तारेवरचे पारवे उडाले. मिस्त्री नट पिळत राहिले.

मी पुन्हा वाजवला. काहीच नाही.

ते सावकाश वळले, मला पाहिले, हॉर्नवरचा माझा हात पाहिला, आणि चेहरा उतरला.

"किती येळा वाजवला?"

मी दोन बोटे दाखवली.

"वाळूजच्या कारखान्यात पत्रा ठोकायच्या प्रेसवर बावीस वर्सं काढली, म्याडम. कान तिथंच ठेवून आलो. आता दातांना थरथर कळती, तेवढंच ऐकनं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कुनाला सांगू नका. बहिऱ्या मिस्त्रीकडं गाडी कोन आनंल?"

तीन गुरुवारांचे माझे सगळे ओरडणे मला आठवले. मी त्यांच्या तोंडासमोर उभी राहिले आणि सावकाश म्हटले, "नाही सांगणार. पण आज आवाज आहे. ऐका."

त्यांनी मागची चाके लाकडाच्या ठोकळ्यांनी अडवली, मला ब्रेक दाबून थोडी रेस द्यायला लावली, आणि स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरली. आधी टोक गिअरबॉक्सला टेकवले, नकारार्थी मान हलवली. मग बाजूच्या झाकणाला, जिथे इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारा पट्टा फिरतो. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"गिअरबॉक्स निर्दोष हाय. पट्टा रडतोय." त्यांनी झाकणाखालचे बूच काढले. भळभळ पाणी आले. ते पाण्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"रविवारी काय करता हिला?"

"धुते. पाइप लावून. कानाकोपऱ्यात."

"तरीच. पट्टा भिजला की घसरतो आन् वरडतो. बुधवारपतुर वाळतो, गप बसतो. गुरुवारी मी येतो." ते मनसोक्त हसले. "हा गाडीचा आवाज न्हाय, म्याडम. तुमच्या टापटिपीचा हाय!"

मी घरी येऊन वही उघडली. एकूण एक नोंद सोमवारची किंवा मंगळवारची होती. तारखा लिहिल्या होत्या, वार मांडून पाहिले नव्हते. तुमच्या बाबाला एवढेच कळवले की गिअरबॉक्स चांगला आहे. धुण्याबद्दल काही बोलले नाही.

त्यानंतर मी मिस्त्रींशी नेहमी समोर उभी राहून बोलले. तरीही माझी वही त्यांनी शेवटपर्यंत वाचली नाही, आणि तरीही मी शेवटपर्यंत चिडत राहिले.

गेल्या महिन्यात ब्रेकसाठी फोन केला. त्यांच्या बायकोने उचलला.

"ते गाडीखाली..." त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.

मी भेटायला गेले तेव्हा त्या बाईंनी तो स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. मुठीवर दातांचे दोन खोल वण आहेत. त्या म्हणाल्या, "म्याडमला ठाव हाय म्हनाले होते."

बाग अजून आपली आहे. गाडी सोमवारीही चढते. मी ती आता ओल्या फडक्याने पुसते. काही आवाज आला, तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवर स्वच्छ रुमाल गुंडाळून दातांत धरते. माझे पुढचे चार दात अजून माझे आहेत.